पाच मिनिटांची आरती

"गाडी रोज पाच मिनिटं सुरू करून ठेवायची. बॅटरीला काही होत नाही."

हे वाक्य मी आजवर किमान दहा जणांकडून ऐकलंय. सोसायटीतले काका, ऑफिसातला मॅनेजर, सर्व्हिस सेंटरचा अ‍ॅडव्हायझर आणि अर्थातच फॅमिली ग्रुप. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या पुण्यातल्या सोसायटीत हा सामुदायिक कार्यक्रमच होता. संध्याकाळी मास्क लावून मंडळी पार्किंगमध्ये उतरायची, सेल्फ मारायचा, पाच मिनिटं मोबाईल बघायचा, गाडी बंद करून वर. चेहऱ्यावर देवापुढे दिवा लावल्याचं समाधान! मी तेव्हा बाल्कनीतून हे कौतुकाने बघायचो. आता कौतुक वाटत नाही. का, ते सांगतो.

मागच्या पावसाळ्यात कंपनीने तीन महिने ऑनसाईट पाठवलं. गाडी नाशिकला घरच्या गॅरेजमध्ये लावली आणि किल्ली बाबांकडे दिली. बाबा शिस्तीचे. एक दिवसाआड, न चुकता, पाच मिनिटं. फोनवर रिपोर्ट यायचा, "अरे, तुझी गाडी सुरू केली बरं का." दीड-दोन महिन्यांनी रिपोर्ट आला, "आज सेल्फच मारत नाहीये." गल्लीतल्या गॅरेजवाल्याने दुसऱ्या गाडीवरून केबल लावून सुरू करून दिली. चार दिवसांनी पुन्हा तेच. मी परत आलो तोवर बॅटरी कायमची गेली होती. सर्व्हिस सेंटरमध्ये नवीन बॅटरीचं बिल हातात देताना अ‍ॅडव्हायझर काय म्हणाला असेल?

"सर, रोज पाच मिनिटं सुरू करायला पाहिजे होती."

डोक्यात तिडीक गेली. घरी येऊन मल्टिमीटर काढला आणि हिशोब मांडला. इंजिनिअरिंगची चार वर्षं कधीतरी उपयोगी पडावीत ना!

गाडी बंद असते तेव्हाही ती पूर्ण झोपत नाही. अलार्म, सेंट्रल लॉकिंगचा रिसीव्हर, घड्याळ, निरनिराळे कंप्युटर, सगळे थोडं थोडं पीत असतात. माझ्या गाडीत ते ४० मिलिअँपिअर भरलं. आधुनिक गाड्यांत २० ते ५० हे नेहमीचंच, वरून जीपीएस ट्रॅकर किंवा डॅशकॅम बसवला असेल तर आणखी जास्त. ४० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला साधारण १ एएच. बॅटरी ३५ एएचची. दोन दिवसांत गेले २ एएच.

आता जमेची बाजू. आयडलिंगला अल्टरनेटर पूर्ण दमाने काम करत नाही, आणि बॅटरीही मिळेल तेवढं सगळं गिळत नाही. तरी उदार होऊन १५ अँपिअर धरू. पाच मिनिटांत १.२५ एएच. सेल्फ मारायला १५० अँपिअर दोन सेकंद लागले तर ०.०८ एएच जातात. (म्हणजे 'सेल्फमध्येच सगळी बॅटरी जाते' हेही खोटंच, बरं का.) निव्वळ जमा जेमतेम १.२. दर दोन दिवसांना ०.८ ची तूट. नव्वद दिवसांत ३६ एएच. अख्खी बॅटरी! आणि सेल्फ तर बॅटरी अर्ध्यावर आली की आधीच रुसतो. बाबांनी काहीही चुकवलं नव्हतं, चुकीचा होता तो सल्ला.

"मग रोज करायचं!" म्हणाल. रोज केलं तर कागदावर कशीबशी बरोबरी होते, तीही माझ्या त्या उदार १५ अँपिअरवर. बॅटरी भरत आली की ती करंट कमी घेते, शेवटचा टप्पा भरायला काही तास लागतात. ती कायम अर्धीमुर्धी राहते. अशा बॅटरीत शिशाच्या प्लेटांवर जमलेलं लेड सल्फेट हळूहळू टणक होतं आणि मग चार्जिंगनेही विरघळत नाही. बॅटरी 'म्हातारी' झाली म्हणतो ते हेच.

इंजिनाचं काय होतं ते वेगळंच. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. लांब फिरलात तर ते वाफ होऊन निघून जातं. पाच मिनिटांत सायलेन्सर तापतच नाही, पाणी आतच राहतं आणि गंज चढतो. थोडं ऑईलमध्येही उतरतं.

इथवर हा पैशांचा विषय होता. बॅटरी गेली, नवीन आली, विषय संपला असता. पण त्या रात्री जेवताना आई सहज म्हणाली, "पावसाचं पाणी आत यायचं, म्हणून हे शटर खाली ओढूनच गाडी सुरू करायचे. एकदा डोकं जड झालं म्हणून येऊन पडले होते."

माझा घास हातातच राहिला.

कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आणि थंड इंजिन तो जास्त सोडतं, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत काम करत नाही. म्हणजे 'पाच मिनिटं' हीच सगळ्यात घाणेरडी पाच मिनिटं. काही हजारांच्या बॅटरीसाठी माझे बाबा एक दिवसाआड बंद खोलीत हा धूर घेत होते, आणि मी तिकडून फोनवर "थँक्यू बाबा" म्हणत होतो.

मग करायचं काय? दोन सोपे उपाय आहेत.

एक, दहा नंबरचा पाना घ्या आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलंत आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या बघाल. किल्ली खिशात ठेवा, नाहीतर सेंट्रल लॉकिंगच्या नादात बाहेर उभे राहाल. घड्याळ, रेडिओचं सेटिंग जाईल, अलार्मही बंद राहील. जाऊ दे. बॅटरी आधी पूर्ण चार्ज करा. मग ती नुसती आपोआप थोडी थोडी उतरते, आणि दोन-तीन महिने सहज निघतात.

दोन, गॅरेजमध्ये प्लग असेल तर ऑटोमॅटिक बॅटरी मेंटेनर लावा. ऑटोमॅटिकच. साधा चार्जर महिनाभर लावून ठेवलात तर तो बॅटरीतलं पाणी उकळवून संपवेल.

मल्टिमीटरने महिन्यातून एकदा बघा. गाडी उभी असताना १२.६ व्होल्ट म्हणजे छान, १२.४ च्या खाली आली की चार्ज करा. आणि गाडी सुरू करायचीच असेल तर चालवा! बाबांना सांगितलंय, आठवड्यातून एकदा आईला घेऊन त्र्यंबकला जाऊन या. बॅटरी, टायर, ब्रेक, सगळ्यांची सोय होते आणि दर्शनही.

इलेक्ट्रिकवाल्यांनी हसू नये. तुमच्या कारमध्येही ती छोटी १२ व्होल्टची बॅटरी असतेच, आणि ती उतरली की मोठी भरलेली असून गाडी ढिम्म. मोठी बॅटरीही टिच्च भरून किंवा पार रिकामी करून महिनोन्‌महिने ठेवू नका. अर्ध्याच्या आसपास बरी, बाकी मॅन्युअलमध्ये बघा.

"आमच्या फियाटला आम्ही वर्षानुवर्षं असंच करायचो," असं एक काका म्हणालेच. काका, तुमच्या फियाटमध्ये कंप्युटर नव्हता. बंद म्हणजे बंद होती ती. गाडी बदलली, सल्ला तोच राहिला.

असो. हे एवढं फॅमिली ग्रुपवर टाका. तिथे याहून वाईट गोष्टी रोज येतात. आणि आज घरी फोन कराल तेव्हा एवढंच विचारा, "बाबा, गाडी सुरू करताना शटर उघडं असतं ना?"