चिऱ्याचे घर कोणी राखावयाचे?

विलायतेहून परतलेला एखादा अधिकारी लक्ष्मीबाई नगरातील बैठकीत चिपिंग कॅम्पडेनची छायाचित्रे दाखवू लागला, की मंडळी तल्लीन होतात. मधाच्या रंगाच्या चुनखडी दगडाची ती घरे, त्यांची दगडी फरश्यांची उतरती छपरे! 'त्या लोकांना जुन्याची कदर आहे,' हा निष्कर्ष ठरलेला. आमची तक्रार त्या निष्कर्षाबद्दल नाही, तो काढणाऱ्यांबद्दल आहे. आणि त्यांत आम्हीही आलो.

ज्या राणीचे नाव या वसाहतीने धारण केले आहे, तिच्या सासरचे नेवाळकर मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील कोट गावचे. तो मुलूख जांभ्याचा. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, हवा लागली म्हणजे कणखर होतो. कॅम्पडेनच्या दगडाचाही गुण नेमका हाच! पण तिकडच्या दगडावर मोहित होणारे आम्ही गावाकडच्या चिऱ्यावर सिमेंटचा गिलावा चढवितो, त्यायोगे भिंतीची ओल भिंतीतच कोंडतो, कौले उतरवून स्लॅब घालतो आणि अखेरीस 'घर फार ओलसर' म्हणून ते पाडतो.

तिकडे सरकार जागरूक आहे, असे कोणी म्हणेल. पण कॅम्पडेनमध्ये खोदचित्रकार ग्रिग्ज व त्याचे सहकारी यांनी न्यास काढला तो 1929 साली. संरक्षित वस्तिक्षेत्रे ठरविणारा इंग्लंडचा कायदा आला 1967 साली. आमच्याकडेही मालगुंडचे केशवसुतांचे घर कोंकण मराठी साहित्य परिषदेने स्मारक म्हणून राखले आहे. मात्र कवीचा जन्म न झालेल्या घरांनी काय करावे?

सामायिक मिळकतीची अडचण खरी आहे. सातबाऱ्यावर बारा नावे, त्यांतली चार परदेशी. कौले परतायला माणूस मिळत नाही. हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जे गृहस्थ परक्या खात्याच्या नस्तीवर वर्षानुवर्षे चिकाटीने टिपणे लिहितात, त्यांना चुलतभावास एक पत्र लिहिण्याचा कंटाळा का यावा? येत्या मे महिन्याच्या रजेत निदान ओटी, पडवी, माजघर यांची मापे घेऊन नकाशा काढावा, आणि विक्रीच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो भावंडांपुढे ठेवावा.