मांजराचा मणका ‘मोकळा’ करावा का?

मागच्या आठवड्यात कराडजवळच्या माझ्या दवाखान्यात एक मावशी आल्या. मनगटावर मांजराच्या दातांच्या दोन बारीक खुणा. घरची बारा वर्षांची मनी उडी मारेना, म्हणून मुलाने मोबाईलवर कायरोप्रॅक्टिकचे व्हिडिओ पाहिले आणि मावशींनी मनीला धरून ठेवलं. मान वळवताच ती चावली.

असे व्हिडिओ आता सातारा-सांगलीच्या खेड्यांतही पाहिले जातात. आपल्याकडे हाडवैद्याची सवय जुनी, त्यामुळे ‘मणका सरकलाय, बसवला की झालं’ हे लगेच पटतं. पण तो ‘कट्’ आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा असतो. हाड जागेवर बसल्याचा नव्हे. डी. डी. पामर यांनी १८९५ साली अमेरिकेत ही पद्धत सुरू केली. माणसांच्या कंबरदुखीत तिचा थोडाफार उपयोग दिसतो. मांजरांना फायदा होतो, असा भक्कम पुरावा नाही.

मग मांजर उडी का मारत नाही? बहुधा सांधे झिजलेले असतात. बारा वर्षांपुढच्या १०० मांजरांच्या एक्स-रेंच्या एका अभ्यासात ९० जणांत अशी झीज दिसली. मांजर क्वचितच लंगडतं. ते उंचावर जाणं सोडतं, अंग चाटणं कमी करतं. यावर उपचार आहेत, पण घरातली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही, आणि एक गोळीही जीव घेऊ शकते.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच आजाराची. मांजराचे मागचे पाय अचानक लुळे पडले, पंजे गार लागले, ते वेदनेने ओरडू लागलं, तर हृदयातली रक्ताची गुठळी पायांकडच्या रक्तवाहिनीत अडकलेली असू शकते. बघणाऱ्याला वाटतं, पाठीत काही झालं. अशा वेळी चोळण्यात घालवलेला एक तासही महाग पडतो. रेबीजमध्येही मागचे पाय लटपटू शकतात, हेही लक्षात असू द्या.

कायदा काय म्हणतो? १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांचा. कायरोप्रॅक्टरची नोंदणी करणारी वैधानिक परिषद तर भारतात माणसांसाठीही नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी दाखवा. तिथे निदान झालं नाही तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सांगलीकरांना लांब पडतं, हे खरं.

मावशींची जखम १५ मिनिटं साबणाच्या पाण्याने धुतली, रेबीजची लस आणि प्रतिजैविक सुरू केलं. मनीवर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितलं. मांजराचे दात सुईसारखे, त्यामुळे जखम वरून किरकोळ दिसते पण जंतू खोलवर जातात. चावलं तर सूज येण्याची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.