लशींची टक्केवारी आणि लोकांचे संरक्षण

करोनाच्या साथीत लशींची तुलना बाजारभावासारखी केली गेली. फायझर ९५ टक्के, मॉडर्ना ९४, कोव्हॅक्सिन ७८, कोव्हिशील्ड ७०, चीनची करोनाव्हॅक ५०. जणू हा गुणानुक्रमच! ही तुलना शास्त्राला धरून नव्हती आणि तिने मूळ प्रश्न झाकून टाकला.

फायझरच्या चाचणीत सुमारे ४३ हजार स्वयंसेवकांचे दोन समसमान गट होते. दुसऱ्या मात्रेनंतर लक्षणांसह आजारी पडलेल्या १७० जणांपैकी १६२ लस न मिळालेल्या गटातील होते, तर ८ लस मिळालेल्या. ९५ टक्क्यांचा अर्थ एवढाच. लस घेतलेल्या शंभरांपैकी पाच जण आजारी पडतात, असा तो नव्हे. शिवाय ही चाचणी २०२० मधली, डेल्टापूर्वीची. कोव्हॅक्सिनची चाचणी डेल्टाच्या लाटेत सापडली. करोनाव्हॅकची ब्राझीलमधील चाचणी रुग्णांच्या नित्य सहवासातील आरोग्यसेवकांवर झाली आणि तीत अगदी सौम्य आजारही मोजला गेला. गंभीर आजारापुरते पाहिले, तर कोव्हॅक्सिनचे ७८ टक्के ९३ वर जातात. लशींमध्ये फरक नव्हते असे नाही. परंतु वेगवेगळ्या मापांनी घेतलेली मोजमापे एका ओळीत मांडून ते कळत नाहीत.

चाचणी लशीचा गुण सांगते. समाजाचे संरक्षण मात्र ती किती दंडांपर्यंत पोहोचली यावर ठरते आणि तेथे अर्थकारण आडवे येते. एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात बनणाऱ्या कोव्हिशील्डचे तीन दर जाहीर झाले : केंद्राला १५० रुपये, राज्यांना ४००, खासगी रुग्णालयांना ६००. लस तीच, कारखाना तोच! टीकेनंतर राज्यांचा दर ३०० वर आला. सर्वोच्च न्यायालयाने जाब विचारल्यावर २१ जूनपासून केंद्राने सर्व प्रौढांना विनामूल्य लस देण्याचे धोरण स्वीकारले. तरीही उत्पादनाचा चौथा हिस्सा खासगी रुग्णालयांसाठी राखलेलाच राहिला.

जागतिक पातळीवरही चित्र निराळे नव्हते. पेटंटचे बंधन शिथिल करावे, हा प्रस्ताव भारत व दक्षिण आफ्रिका यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेपुढे ठेवला. निर्णय झाला जून २०२२ मध्ये आणि तोही अत्यंत संकुचित. तोवर साथीचा सर्वांत भीषण काळ उलटून गेला होता.

पुढील साथीतही टक्केवारीच्या जाहिराती झळकतील. कार्यकर्त्यांनी तेव्हा आणखी तीन आकडे मागितले पाहिजेत : लस किती लोकांना मिळणार, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने? ही तयारी साथ येण्यापूर्वीच व्हावयास हवी.