तुकोबांच्या पुलावरचा प्रवासी

सत्य केवळ आमच्यापाशी आहे. ते स्वीकारा आणि पूर्वजांचे सारे टाकून द्या, हा मिशनरी प्रचाराचा गाभा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या चरित्रापुढे हा दावा कितपत टिकतो?

रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला ‘नवा करार’ टिळकांनी वाचला. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यामागे लोभ नव्हता. उलट आप्त दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईंनी काही वर्षे ताटातूट सोसली. ही सचोटी वंदनीयच होय.

परंतु येशूमध्ये त्यांना जे दिसले, ते पाहणारी दृष्टी कोणी दिली? आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक स्वतःच सांगत. ज्या पुलाने पैलतीर गाठून दिला, तो असत्याचा कसा? पाश्चात्य पेहरावातील धर्म त्यांना रुचला नाही. भजन-कीर्तन त्यांनी ख्रिस्ती उपासनेत नेले. १९१७ मध्ये मिशनचा राजीनामा देऊन ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते.

सत्य ओळखण्यासाठी वारसा जाळावा लागतो, हे म्हणणे टिळकांनीच खोटे पाडले. मात्र आत्मपरीक्षण आपल्यालाही चुकणार नाही. तुकोबांची गाथा आपल्या घरात आहे; पण ती उघडतो कोण?