प्रश्न वाचून दाखवणे ही मेहेरबानी नव्हे

परीक्षेच्या दालनात अंध विद्यार्थ्याला प्रश्न वाचून दाखवला, किंवा कर्णबधिर विद्यार्थिनीला तोच प्रश्न खुणांच्या भाषेत सांगितला, की आपण त्याला ‘सवलत’ म्हणतो. शासनाचे कागदही याच शब्दात बोलतात. आमचा पहिला आक्षेप या शब्दावरच आहे. सवलत प्रवासाच्या तिकिटात असते, कापडाच्या दुकानात असते. देणाऱ्याने आपल्या पदरचे थोडेसे सोडायचे आणि घेणाऱ्याने उपकार मानायचे, असा तो व्यवहार असतो. इतिहासाचा प्रश्न वाचून दाखवताना परीक्षा मंडळाने पदरचे काय सोडले? उत्तर विद्यार्थ्यालाच द्यायचे आहे. मंडळाला त्याचे इतिहासाचे ज्ञान मोजायचे होते, त्याचे डोळे तपासायचे नव्हते. मापातली खोट दुरुस्त करणाऱ्या वाण्याने गिऱ्हाइकावर उपकार केला असे कोणी म्हणत नाही. मग येथेच का म्हणावे?

हा वाद आम्ही सेवाग्रामच्या संदर्भात मांडत आहो, त्याला कारण आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याच वर्षी डिसेंबरात आपला अहवाल दिला आणि १९३८ साली हिंदुस्थानी तालिमी संघ स्थापन झाला. आर्यनायकम् दांपत्याने सेवाग्रामला हे काम उभे केले. या ‘वर्धा योजने’तील चरखा आणि हस्तोद्योग सर्वांच्या लक्षात राहिले. तिच्यातील आणखी दोन गोष्टी मात्र आपण सोयीस्करपणे विसरलो. पहिली, मुलाचे शिक्षण त्याच्या मातृभाषेतूनच व्हावे. दुसरी, आपल्याकडील प्रचलित परीक्षापद्धती शिक्षणाला घातक ठरली आहे, असे समितीने स्पष्ट नोंदवले होते. एकेका मुलाला कागदावर नापास करण्यापेक्षा निवडक विद्यार्थ्यांची प्रगती मोजून शाळेचे काम पारखावे, अशी तिची सूचना होती. समितीपुढे दिव्यांग मुलांचा प्रश्न होता असा आमचा दावा नाही. पण या दोन तत्त्वांचा धागा धरून पुढे गेले, तर आपण आजच्या वादाच्या अगदी मध्यावर येऊन पोहोचतो.

परीक्षेतील प्रश्नाची भाषा एकदा तटस्थपणे वाचून पाहावी. ‘खालीलपैकी कोणते विधान असत्य नाही ते ओळखून सकारण स्पष्ट करा.’ विषय विज्ञानाचा असो वा भूगोलाचा, मुलाला प्रथम या वाक्याचा किल्ला सर करावा लागतो. ज्याला वाचन-अक्षमता आहे, त्याच्यासाठी काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे ही प्रत्येक ओळीत नवी चढण असते. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील भेद डोळ्यांनी टिपण्यात त्याचा वेळ जातो आणि प्रकाशाच्या परावर्तनाविषयी जे त्याला ठाऊक आहे ते कागदावर उतरतच नाही. गुणपत्रिका म्हणते, याला विज्ञान येत नाही. ही गुणपत्रिका खोटे बोलते, असे आम्ही म्हणतो. त्याला काय येत नाही, हे तिने मोजलेच नाही.

या बाबतीत महाराष्ट्र मागासलेला होता असे नाही. १९९६ साली राज्य शासनाने अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना वाढीव वेळ, लेखनिक, तोंडी परीक्षा, शुद्धलेखनाच्या चुकांची माफी अशा सोयी मान्य केल्या. केंद्राच्या १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते आणि अध्ययन-अक्षमता त्यांत नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निर्णयाचे मोल कळते. पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकार मान्य केले, त्यांत अध्ययन-अक्षमता आली. विद्यार्थ्याच्या गरजेनुसार अभ्यासक्रमात व परीक्षापद्धतीत बदल करणे, वाढीव वेळ आणि लेखनिक देणे, हे याच कायद्याच्या सतराव्या कलमात आले. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तासाला किमान २० मिनिटे वाढीव वेळ ठरवून दिला आणि लेखनिकाबरोबर ‘वाचक’ही स्पष्ट शब्दांत नमूद केला.

मग अडते कोठे? पुष्कळदा दाराशीच अडते. २०२१ साली वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत लेखन-अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला वाढीव तास मिळाला नाही आणि वेळ संपताच उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तिचा हक्क डावलला गेला, हे न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरात मान्य केले. फेरपरीक्षा मात्र मिळाली नाही. झालेल्या अन्यायाची भरपाई कशी करता येईल हे पाहावे, एवढे परीक्षा संस्थेला सांगण्यात आले. १९६९ साली सेवाग्रामला सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे दार आज याच ‘नीट’मधून उघडते. म्हणजे त्या एका तासाचा प्रश्न सेवाग्रामच्या फाटकाशीही उभा आहे. टक्केवारीचा घोळ निराळाच. अपंगत्व चाळीस टक्क्यांहून कमी भरले तर लेखनिक नाही, या अडवणुकीवर न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रहार केला. त्यानंतर २०२२ साली नव्या सूचना निघाल्या. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाला तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागली. जो हक्क दर वेळी दिल्लीला जाऊन मागावा लागतो, तो खेड्यातल्या मुलाच्या हाती कधी पडावा?

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. लेखनिक आपल्याला कळतो, वाचक कळत नाही. विद्यार्थी स्वतः निवडून आणतो तो लेखनिक त्याच्याहून खालच्या इयत्तेचा असावा, असा नियम आहे. लेखनिकाने स्वतःच उत्तर लिहू नये, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. पण बहुधा त्याच मुलाला प्रश्नही वाचून दाखवावे लागतात. ‘दोन अधिक तीनचा वर्ग’ हे मोठ्याने वाचून पाहा. कंस असेल तर उत्तर २५, नसेल तर ११. कंस कोठे उघडतो, कोठे मिटतो, हे न सांगता वाचले तर परीक्षार्थी चुकणारच. आणि ती चूक त्याची नसते. आकृती, आलेख, नकाशा, रासायनिक समीकरण यांचे वाचन ही एक विद्या आहे. शब्दावर अवाजवी जोर द्यायचा नाही, अर्थ सांगायचा नाही, उत्तराकडे सूचक कल दाखवायचा नाही, आणि मागेल तितक्या वेळा तेच त्याच स्वरात पुन्हा वाचायचे. नववीतल्या मुलाकडून याची अपेक्षा करणे म्हणजे त्याच्यावरही अन्याय आहे. म्हणून वाचक लेखनिकाहून वेगळा असावा, वयाने प्रौढ असावा, त्या विषयाची चिन्हे जाणणारा आणि या कामाचे शिक्षण घेतलेला असावा, ही आमची पहिली मागणी.

कर्णबधिर मुलांचा प्रश्न याहून खोल आहे. पुष्कळांची समजूत अशी की, ऐकू येत नसले तरी वाचता तर येते, छापील प्रश्न हाती असताना खुणा कशाला? ही समजूत भाषेच्या अज्ञानातून येते. आपण मराठी प्रथम कानांनी शिकलो, मग डोळ्यांनी. जन्मतः बहिऱ्या मुलाला ती कधी ऐकूच आली नाही. ज्याला बालपणी खुणांची भाषा लाभली, त्याची खरी मातृभाषा तीच; लिखित मराठी ही त्याची दुसरी भाषा. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. ती हातांनी केलेली मराठी नव्हे. मातृभाषेतून शिक्षण हे वर्ध्याचे तत्त्व प्रामाणिकपणे मानायचे, तर या मुलाला प्रश्न त्याच्या भाषेत मिळालाच पाहिजे. अंध आणि बधिर मुलांना त्यांना योग्य अशा भाषेतून व माध्यमातून शिकवावे, असे २०१६ चा कायदाही म्हणतो. शिकवण्याची भाषा एक आणि परीक्षेची दुसरी, हा न्याय कोणता?

या विषयाशी आपल्या ख्रिस्तसभेचे नाते जुने आहे आणि ते दुपदरी आहे. भारतातील पहिली बधिरांची शाळा १८८० च्या दशकात मुंबईत माझगावला उभी राहिली, ती तत्कालीन धर्माध्यक्ष, येशूसंघीय लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने. याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. पण त्याच काळात, १८८० साली, इटलीत मिलान येथे बधिर-शिक्षकांची जी आंतरराष्ट्रीय परिषद भरली तिचे अध्यक्षही एक धर्मगुरूच होते. खुणांची भाषा वर्गाबाहेर घालवून ओठांच्या बोलीचाच आग्रह धरावा, असा ठराव त्या परिषदेने केला. त्या ठरावाची सावली जगभरच्या शाळांवर शंभर वर्षांहून अधिक काळ राहिली. तिच्याच वारसदार परिषदेने २०१० साली व्हँकुव्हरला त्याबद्दल खेद प्रकट केला. ओठ वाचण्याच्या सक्तीत किती पिढ्यांचे शिक्षण हरवले, त्याचा हिशेब कोण देणार?

आज साधनांची सबब उरलेली नाही. दिल्लीला २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार संज्ञा आल्या. पाठ्यपुस्तके या भाषेत आणण्याचा करार २०२० मध्ये झाला. एक अडचण मात्र खरी आहे. काही खुणा वस्तूचे चित्रच काढतात. त्रिकोणाची खूण करताना तीन बाजू हवेत उमटतात, आणि ‘त्रिकोणाला बाजू किती?’ असा प्रश्न असेल तर उत्तर प्रश्नातच येऊन बसते. पण म्हणून खुणाच नकोत, असे त्यातून निघत नाही. तज्ज्ञांनी एकत्र बसून प्रश्नपत्रिकेचे सांकेतिक रूप ठरवावे, ते चित्रफितीवर घ्यावे आणि प्रत्येक केंद्रावर तीच फीत दाखवावी. विद्यार्थ्याला हवी तेथे ती थांबवता यावी. मग दुभाषी चांगला की वाईट यावर गुण अवलंबून राहणार नाहीत. ही आमची दुसरी मागणी.

आता आक्षेप. ‘हा इतर मुलांवर अन्याय नव्हे काय?’ असे विचारले जाते. ज्याला वाचता येते त्याला प्रश्न वाचून दाखवल्याने उत्तर सुचत नाही. उलट त्याचा वेळच जातो. ज्या सोयीने गरजवंताला न्याय मिळतो आणि इतरांना काही लाभ होत नाही, तिला पक्षपात म्हणता येत नाही. ‘यातून कॉपी होईल’ हा दुसरा आक्षेप. कॉपी होते, हे आम्ही नाकारत नाही. पण ती धडधाकट मुलांच्या दालनातही होते, म्हणून कोणी त्यांच्या लेखण्या काढून घेत नाही. स्वतंत्र खोली, ध्वनिमुद्रण आणि अनोळखी वाचक हे त्यावरचे उपाय आहेत.

तिसरा आक्षेप मात्र आम्ही आदराने ऐकतो. भाषेच्या प्रश्नपत्रिकेत उतारा वाचून समजून घेणे हेच मोजायचे असेल, तर तो वाचून दाखवल्यावर मोजायचे काय उरले? प्रश्न रास्त आहे. इंग्लंड-अमेरिकेतही म्हणून गणित-विज्ञानात वाचक दिला जातो आणि वाचनकौशल्याच्या भागात तो बहुधा नाकारला जातो. तेथे अंधांना ब्रेल, अंधुक दिसणाऱ्यांना मोठा टाइप, वाचन-अक्षमांना अधिक वेळ, असा विचार करावा लागेल. पण एका विषयातील एका भागाचा हा अपवाद सर्व विषयांच्या दारावर कुलूप म्हणून लावू नये. प्रत्येक प्रश्नाला एकच विचारावे: येथे आपल्याला नेमके काय मोजायचे आहे? जे मोजायचे नाही, ते वाटेतून दूर करावे. साऱ्या वादाचे सार एवढेच आहे.

धर्मग्रामातील कुटुंबांना हा दूरचा विषय वाटू नये. आपल्या शाळा पुष्कळ आहेत आणि त्यांतील अनेक शाळा परीक्षा केंद्रे आहेत. बोर्डाचा आदेश येईपर्यंत आमचे हात बांधलेले आहेत, असे त्यांना म्हणता येणार नाही. चाचणी परीक्षा शाळेच्याच हाती असतात. तेथे वाचक द्यायला कोणाची परवानगी लागते? शिवाय जो मुलगा वर्षभर वाचकाशिवाय बसला, त्याला मार्चमध्ये एकदम वाचक दिला तर तो गोंधळून जातो. ही सोय सरावाची आहे. पालकांनी प्रमाणपत्राची धावपळ फेब्रुवारीवर न ढकलता जूनमध्येच करावी. अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. निवृत्त शिक्षक-शिक्षिका प्रत्येक धर्मग्रामात आहेत. महिन्यातून दोन दिवस वाचक म्हणून बसण्याची त्यांची तयारी आम्ही गृहीत धरतो. सांकेतिक भाषा शिकण्याची तयारी तरुणांनी दाखवावी.

संत लूकच्या शुभवर्तमानात जखऱ्याची कथा आहे. बाळाचे नाव काय ठेवायचे, हे मुक्या झालेल्या त्या पित्याला आप्तांनी खुणांनी विचारले. त्याने पाटी मागवली आणि नाव लिहून दाखवले. प्रश्न खुणांनी, उत्तर लेखनाने. त्या घरात कोणी प्रमाणपत्र मागितले नाही आणि कोणी सवलतीची भाषा केली नाही. पित्याचे मत हवे होते, म्हणून ते ज्या वाटेने मिळेल त्या वाटेने घेतले गेले.

आपल्या परीक्षा मंडळांना मुलाचे उत्तर खरोखर हवे आहे काय? हवे असेल, तर प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचवणे हे विचारणाऱ्याचे काम आहे. न पोहोचलेल्या प्रश्नाचे शून्य मुलाच्या नावावर लिहिणे तात्काळ थांबले पाहिजे.