रस्ता कुणाच्या बापाचा?

सुरुवातीलाच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावे. शाळेत मराठीत बोललं की दंड भरावा लागायचा आणि आता मी मराठी विभागाला लेख देतेय म्हटल्यावर माझी रूममेट हसून लोळली. पण हा लेख ज्यांच्यामुळे सुचला त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. म्हणून मराठीत.

विषय अगदी साधा आहे. पार्किंग!

आपल्या गेटमधून बाहेर पडून डावीकडे वळलं की कॉलनी लागते. तिथे रस्त्याच्या कडेने एक लाल पट्टा आहे आणि त्यावर सायकलचं पांढरं चित्र आहे. आपल्यापैकी निम्म्या लोकांना हा पट्टा कधी दिसलाच नसेल, कारण त्याच्यावर कायम आपल्याच गाड्या उभ्या असतात. हॉस्टेलच्या मुलामुलींना कँपसमध्ये गाडी आणायची परवानगी नाही. मग गाडी लावायची कुठे? कॉलनीत! दीड वर्ष मीही माझी स्कूटी तिथेच लावली. फुकट, सावलीत आणि गेटपासून दोन मिनिटांवर. यापेक्षा चांगली जागा पुण्यात शोधून सापडायची नाही.

आता ऑगस्टमधली गोष्ट. आपल्याकडे सायकलवरून डबे घेऊन येणारे काका सगळ्यांना माहीत आहेत. हँडलला दोन्हीकडे पिशव्या, मागे कॅरिअरला क्रेट आणि पाऊस असला की वरून प्लॅस्टिक. त्या दिवशी नेहमीप्रमाणे पट्टा गाड्यांनी भरलेला होता, म्हणून काका रस्त्यावरून येत होते. पट्ट्याला लागून उभ्या असलेल्या एका कारचं दार अचानक उघडलं. काका पडले, डबे रस्ताभर झाले आणि मनगटाचं हाड मोडलं. दीड महिना प्लास्टर.

आणि आपण त्या दिवशी काय केलं? ग्रुपवर ‘डबा का नाही आला?’ असे धडाधड मेसेज टाकले. त्यातला एक माझा होता.

नंतर मी मैत्रिणीबरोबर काकांना भेटायला गेले. मी शहाणपणाने विचारलं, “काका, तुमच्यासाठी वेगळा पट्टा आहे ना, मग त्याच्यावरून का नाही आलात?” काका म्हणाले, “पट्ट्यावर जागा कुठंय ताई? तिथं पोरांच्या गाड्या असतात.” त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. पाऊस पडतो तशा गाड्या असतात, एवढंच. त्या गाड्यांतली एक माझी होती हे मी त्यांना सांगितलं नाही. आज इथे सांगते आहे.

या प्रकारानंतर मी या विषयावर थोडं वाचायला लागले. पुणे हे एकेकाळी सायकलींचं शहर होतं, हे आपण आजी-आजोबांकडून ऐकून ऐकून कंटाळलो आहोत. पण पुढचं ऐका. २००६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आणलं. रस्ता गाड्या हलवण्यासाठी नसून माणसं हलवण्यासाठी आहे, हे त्यातलं मुख्य सूत्र. त्याच वर्षी पुण्यात बीआरटी सुरू झाली आणि त्या काळात काही रस्त्यांच्या कडेने सायकल ट्रॅकही झाले. मग २०१७ च्या डिसेंबरमध्ये महापालिकेने पूर्ण शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्यात ८२४ किलोमीटरचं जाळं दाखवलं होतं! लगेच पुढे २०१८ च्या मार्चमध्ये पार्किंग धोरण आलं. रस्त्यावर गाडी लावायची तर पैसे मोजा, असं ते धोरण होतं. त्यावर एवढा गदारोळ झाला की शेवटी ते फक्त पाच रस्त्यांपुरतं प्रायोगिक म्हणून मंजूर झालं. गंमत म्हणजे त्याच वर्षी शहरातल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्याही आल्या होत्या.

माझ्या मते खरी गोम इथे आहे. सायकल ट्रॅक सगळ्यांना हवा असतो, पण गाडी हलवायची वेळ आली की नको असतो. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच. रस्ता काही रबराचा नाही. नऊ मीटरचा रस्ता घ्या. दोन्ही बाजूंना कार लावल्या की दोन-दोन मीटर गेले, उरले पाच. त्या पाचात येणारे, जाणारे, शाळेची व्हॅन, भाजीची गाडी आणि काकांची सायकल. ट्रॅक द्यायचा तर एका बाजूचं पार्किंग काढावंच लागतं. नुसता रंग मारून ट्रॅक होत नाही, रंगीत पार्किंग होतं!

तुम्ही म्हणाल, पण सायकल चालवतं कोण? हा प्रश्न मलाही पडायचा. सायकल म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर रविवारी सकाळी महागडं हेल्मेट घालून सिंहगडाच्या पायथ्याला जाणारे लोक यायचे. म्हणून सप्टेंबरमध्ये एका सकाळी मी सात ते नऊ कॉलनीच्या कोपऱ्यावर वही घेऊन बसले. सायकलवरून कोण गेलं? पेपर टाकणारा मुलगा, दूधवाले, नाइट ड्यूटी संपवून घरी जाणारे वॉचमन, घरकामाला येणाऱ्या दोन मावशी, शाळेची मुलं, एक इस्त्रीवाला. हेल्मेटवाला एकच! म्हणजे हा पट्टा हौशी लोकांचे लाड नाहीत. ज्यांना बसचं किंवा पेट्रोलचं परवडत नाही अशा लोकांचा तो कामावर जायचा रस्ता आहे. आणि त्यातले बहुतेक सगळे त्या पट्ट्याच्या बाहेरून, गाड्यांच्या मधून चालले होते.

आता दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल ही एकांगी लिहिते. त्या सकाळी कॉलनीतले एक आजोबा काठी टेकत माझ्याजवळ आले आणि मी काय मोजतेय ते विचारलं. सांगितल्यावर त्यांनी मला चांगलंच सुनावलं. त्यांचं म्हणणं असं, की पूर्वी त्यांच्या दारात त्यांच्या मुलाची गाडी उभी राहायची. पट्टा आला आणि ती जागा गेली. बरं, सायकलींसाठी गेली असती तर एक वेळ मान्य होतं. पण ती गेली कॉलेजच्या पोरांच्या बाइकसाठी! त्यांच्या सुनेला गाडी लावायला मागच्या गल्लीत जावं लागतं, तिथले लोक भांडतात. आजींना फिजिओथेरपीला न्यायचं तर रिक्षा दारापर्यंत येऊ शकत नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आजोबा बोलले ते अगदी टेक्निकल आहे, फक्त त्यांना ते माहीत नाही. एका रस्त्यावरचं पार्किंग काढलं की त्या गाड्या हवेत विरून जात नाहीत, शेजारच्या गल्लीत जातात. म्हणून एकाच रस्त्याचा विचार करून चालत नाही, आख्ख्या वस्तीचा करावा लागतो. औंधमध्ये स्मार्ट सिटीच्या कामात फुटपाथ रुंद झाले तेव्हाही रहिवासी आणि दुकानदारांनी विरोध केला होता. अशा लोकांना ‘प्रगतीचे शत्रू’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण म्हाताऱ्या माणसाला दारात उतरायला जागा, दुकानात माल उतरवायला टेम्पोला जागा, या मागण्या चुकीच्या कशा म्हणणार? त्या प्लॅनमध्येच असायला हव्यात.

मात्र आजोबांच्या एका वाक्याशी मी सहमत नाही. “आमच्या दारातली जागा आमची,” असं ते म्हणाले. नाही. घराची भिंत संपली की रस्ता सगळ्यांचा. आणि तो जसा त्यांचा एकट्यांचा नाही तसा आपल्याही बापाचा नाही!

एक गणित सांगते. कारच्या पार्किंगसाठी साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १३५ चौरस फूट. आमची हॉस्टेलची खोली दहा बाय बारा, म्हणजे १२० चौरस फूट. त्यात आम्ही तिघी राहतो, तीन कॉट, तीन कपाटं, एक बादली नेहमी वाटेत, आणि दर सेमिस्टरला फी भरतो. रस्त्यावरच्या कारला आमच्यापेक्षा मोठी खोली मिळते आणि तीसुद्धा फुकट! त्याच जागेत सायकली लावल्या तर आठ-दहा सहज मावतील. जपानमध्ये १९६२ पासून कायदा आहे, की कार नोंदवायची असेल तर घराजवळ ती ठेवायला जागा असल्याचा दाखला आणा. आपल्याकडेही २०२५ च्या मे महिन्यात परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी असाच नियम आणण्याची घोषणा केली, तेव्हा केवढी ओरड झाली. ओरडणाऱ्यांत मीही होते. आता तेवढ्या जोरात ओरडणार नाही.

मग करायचं काय? नुसती टीका करून उपयोग नाही, आपण इंजिनिअर होणार आहोत (असं निदान घरच्यांना वाटतं). मला सुचतं ते सांगते.

एक, पट्टा आणि रस्ता यांच्यात रंगाच्या रेघेऐवजी काहीतरी उंचवटा किंवा खांब हवेत. आणि पट्टा सलग हवा. सध्या तो दर सोसायटीच्या गेटपाशी खाली उतरतो, वर चढतो आणि शेवटी एका झाडावर जाऊन संपतो. डब्यांचा क्रेट लावलेली सायकल अशा चढउतारावर न्यायची म्हणजे सर्कसच.

दोन, दुसऱ्या बाजूचं पार्किंग रहिवाशांसाठी स्टिकर लावून राखून ठेवावं, बाहेरच्यांनी तासाप्रमाणे पैसे द्यावेत. अधूनमधून थोडी जागा रिक्षा आणि टेम्पोसाठी मोकळी सोडावी.

तीन, आणि हे जरा भीत भीत लिहिते. आपल्या कँपसमध्ये वर्कशॉपच्या मागे मोठी मोकळी जागा आहे. संध्याकाळी सहानंतर स्टाफचं पार्किंगही बरंचसं रिकामं असतं. सरांनी आणि मॅडमनी रागावू नये, पण हॉस्टेलच्या दुचाकींना तिथे जागा दिली तर अर्धा प्रश्न त्याच दिवशी सुटेल. गेटच्या आत गाड्या नकोत हा नियम आपल्या शिस्तीसाठी केला असेल. पण गेटच्या आतली शिस्त गेटबाहेरच्या लोकांच्या जिवावर चालली आहे.

चार, टी.ई.ला आपल्याला ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअरिंगमध्ये पार्किंग सर्व्हे शिकवतात. दर अर्ध्या तासाला गाड्यांचे नंबर लिहायचे, कोण किती वेळ उभा आहे ते काढायचं. दरवर्षी आपण सीनिअर्सची जर्नल्स उतरवतो. यंदा खरंच त्या कॉलनीत उतरून सर्व्हे करू या! दहा जण पुरेत. आकडे घेऊन प्राचार्यांकडेही जाऊ आणि कॉलनीच्या मीटिंगलाही. आजोबांनी मला बोलावलं आहे. (चहा मिळेल असंही म्हणाले आहेत.)

मी माझी स्कूटी दिवाळीत घरी ठेवून आले. यात मोठेपणा काही नाही, क्लासला जाताना बसची वाट पाहत रोज शिव्या घालते. काका आता परत डबे आणायला लागले आहेत. मनगट अजून नीट वळत नाही, म्हणून पिशव्या एकाच बाजूला लावतात. परवा पाहिलं तर ते अजूनही रस्त्यावरूनच येत होते. माझ्या स्कूटीची जागा दुसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी बाइकने घेतली होती, मागच्या नंबर प्लेटवर आपल्याच कॉलेजचा स्टिकर.

ती बाइक ज्याची असेल त्याला मी ओळखत नाही. पण तो हा अंक वाचणार, हे नक्की. मित्रा, सर्व्हेसाठी नऊ जण हवे आहेत. येतोस?

— टी. ई. सिव्हिल, मुलींचे वसतिगृह