महीवरील लोहसेतू

बडोद्याहून अमदाबादेकडे निघालेली गाडी बाजवा, रणोली ओलांडून नंदेसरीला येते आणि पुढे वासदपूर्वी महीच्या पुलावर चढते. चाकांचा आवाज एकदम पालटतो. खाली खोल कोतरांमधून वाहणारी नदी दिसते, आणि गुजरातेत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपल्या मंडळींचे हात नकळत जोडले जातात. तो नमस्कार अर्थातच महीमातेला. परंतु त्याचा थोडा अंश पुलालाही पोहोचावा, अशी त्याची योग्यता आहे.

मुंबई-बडोदा-मध्य हिंदुस्थान रेल्वेचा लोहमार्ग १८६१ साली, खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, बडोद्यास आला आणि १८६३ साली अमदाबादेस पोहोचला. वाटेत तापी, नर्मदा, मही अशा मोठ्या नद्या. कंपनीचे सल्लागार अभियंता कर्नल जॉन पिट केनेडी यांनी यासाठी एक साधी युक्ती योजिली. प्रत्येक पुलासाठी निराळा आराखडा न करता साठ फुटांचा एकच ठराविक गाळा घ्यावयाचा. गर्डर 'वॉरन' पद्धतीचे, म्हणजे त्रिकोणांची साखळी. चौकोन दाबला तर कलतो. त्रिकोण आपला आकार सोडीत नाही. भार येताच काही दांड्यांवर ताण पडतो, काहींवर दाब, आणि सारे ओझे टोकांकडून खांबांवर उतरते.

खांबही नवलाचे. बिडाच्या नळ्यांच्या टोकाला स्क्रूसारखे रुंद पाते असे. आडवे लांब दांडे लावून ते नदीच्या तळात पिळून बसवीत. या पद्धतीचा जनक अलेक्झांडर मिचेल हा आयरिश अभियंता दृष्टिहीन होता!

तरीही नर्मदेने ही युक्ती मानली नाही. पुराचा ओघ खांबांभोवतीची वाळू खरवडून नेई आणि भरूचचा पूल वारंवार मोडे. अखेर १८८१ साली तेथे नवा, भक्कम पूल उभा राहिला. पुलाचे खरे बळ पाण्याखाली असते, हा धडा त्यातून मिळाला.

गर्डरच्या पुलाचा आणखी एक गुण असा की, लोखंडाच्या स्वभावाला त्यात वाव ठेवलेला असतो. साठ मीटरचा गर्डर तापमानातील तीस अंशांच्या फरकाने सुमारे दोन सेंटिमीटर वाढतो. म्हणून त्याचे एक टोक पक्के आणि दुसरे सरकते ठेवतात. सुटा गाळा जीर्ण झाला, तर तेवढाच बदलताही येतो. मात्र त्यासाठी कोणीतरी रिव्हेट ठोकून पाहावे लागते, गंज खरवडावा लागतो, रंग द्यावा लागतो.

९ जुलै २०२५ रोजी याच महीवर, पाद्रा तालुक्यातील गंभीरा येथे, रस्त्याच्या पुलाचा गाळा कोसळला. वाहने नदीत पडली आणि किमान वीस जीव गेले. तो पूल १९८५ सालचा, म्हणजे अवघ्या चाळीस वर्षांचा होता. पुलाचे आयुष्य केवळ बांधणाऱ्याच्या हाती नसते. रोज त्याची विचारपूस करणाऱ्याच्या हातीही असते. घरातील वडीलधाऱ्यांविषयी आपण हेच म्हणतो, नाही का?